सायकलीचे वाकडे चाक : आपल्या हाताने नीट करावे की दुकानात द्यावे?



आपल्या भाषेत एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत. ‘आपला हात जगन्नाथ’ असे एक म्हण सांगते, तर ‘दाम करी काम’ असे दुसरी बजावते. पहिलीचे म्हणणे असे की, स्वतःचे काम स्वतःच करावे. दुसरीचे म्हणणे असे की, पैसा मोजावा म्हणजे काम आपोआप होते. आपण दोन्ही म्हणी प्रसंगानुसार वापरतो, आणि बहुतेक वेळा जिच्या योगाने त्या दिवशीचा आपला आळस झाकला जाईल, तीच आपणांस खरी वाटते. या दोन म्हणींचा निवाडा करण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस प्रस्तुत लेखकावर आला, आणि तो आला एका सायकलीच्या वाकड्या चाकामुळे. विषय दिसण्यात क्षुल्लक आहे. परंतु जी मुले रोज सायकलीने शाळेत येतात, त्यांना व त्यांच्या आईबापांना तो तसा वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

उमरखेड तालुक्याची जमीन बहुतांशी काळी. पावसात ती लोण्यासारखी मऊ होते व उघडीप पडताच दगडासारखी कठीण होते. बैलबंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी ओल्या वाटेवर पाडलेल्या चाकोऱ्या आश्विनात वाळून जणू खडकातील खाचाच बनतात. अशा चाकोरीत सायकलीचे पुढचे चाक सापडले व बसणाऱ्याने घाईने हँडल वळविले, की चाकाला बाक आलाच म्हणून समजावे. बाभळीच्या काट्याने होणारी पंक्चरे ती निराळीच. शाळा घरापासून दूर असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी अर्थसाह्य मिळते, आणि ही गोष्ट खरोखर स्तुत्य आहे. कारण ज्या वाटेवर शाळेच्या वेळेस एस. टी. नाही, त्या वाटेवर सायकल हीच शाळा होय. पण सायकल मिळाली तरी तिचे चाक वाकले असता काय करावे, हे त्या मुलींना कोणी शिकवीत नाही. आम्हीही शिकविले नव्हते.

नवव्या इयत्तेतील एक मुलगी त्या सुमारास एकाएकी शाळेत येईनाशी झाली. ६ किलोमीटरवरील खेड्यातून ती रोज येत असे. अभ्यासात चांगली, हजेरीत चोख. पहिले चार दिवस आम्हांस वाटले, ताप आला असेल. आठ दिवस झाले तेव्हा वाटले, कापूस वेचणीला जात असेल. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो. घरात आजारी कोणी नव्हते. भिंतीला टेकून सायकल उभी होती, आणि तिचे पुढचे चाक फिरविले की एका ठिकाणी चिमट्याला घासून थांबत होते. एवढाच काय तो आजार!

वडील कष्टाळू व सरळ मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, “कापूस विकला का दुकानात नेतो, सर. आत्ता हंगामाचा रोज बुडवून उमरखेडला जाणं होत नाही.” त्यांच्या म्हणण्यात काही चूक नव्हती. दुकानातील मजुरी दिवसाच्या रोजाच्या मानाने लहान होती. परंतु न चालणारी सायकल गावापर्यंत नेण्याचे भाडे, जाण्यायेण्यात मोडणारा दिवस व त्या दिवसाचा बुडणारा रोज, ही सर्व रक्कम तिच्यात मिळविली म्हणजे चाकाची खरी किंमत कळते. शहरात चार पावलांवर दुकान असलेला मनुष्य जेव्हा ‘त्यात काय, द्यावे दुकानात’ असे म्हणतो, तेव्हा तो फक्त मजुरी मोजतो. खेड्यातल्या माणसाला बाकीचेही मोजावे लागते.

निघताना त्या मुलीने विचारले, “सर, हे घरी नीट होत नाही का?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याच सहामाहीत बलांवरील आमच्या प्रश्नाला तिने पैकीच्या पैकी गुण मिळविले होते. ताण म्हणजे काय, बल म्हणजे काय, हे तिने सुंदर अक्षरांत लिहिले होते. आणि दारातील सायकलीच्या चाकात जो ताण बिघडला होता, त्याच्यापुढे ती आणि तिचे शास्त्रशिक्षक दोघेही सारखेच हात बांधून उभे होते. वर्गातून पंधरा दिवस गैरहजर राहिल्याचा दोष कोणाकडे जातो, याचा विचार परतीच्या वाटेवर आम्ही करीत होतो, आणि तो फिरून फिरून आमच्याकडेच येत होता.

सायकल काळीपिवळीच्या टपावर टाकून आम्ही उमरखेडास आणली. सरळ दुकानात नेली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु मनात अभिमान जागा झाला होता. आपण पदवीधर, विज्ञान शिकविणारे. विद्यार्थिदशेत मिशनच्या वसतिगृहात रोज एक तास अंगमेहनत केलेले. कुदळ, फावडे, झाडू यांची लाज न वाटणारे! चाकाचे ते काय? रविवारी दुपारी अंगणात सायकल उलटी केली, तारा आवळण्याची किल्ली विकत आणली, आणि कामाला लागलो.

पहिला अर्धा तास आम्ही निपल उलटेच फिरवीत होतो. निपलचे डोके रिमच्या बाहेरच्या अंगाला, टायरखाली असते. त्यामुळे हबाच्या बाजूने पाहणाऱ्याला ते आवळताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावे लागते. हे ध्यानात न आल्यामुळे ज्या तारा आवळावयाच्या त्या आम्ही सैल केल्या. चूक कळल्यावर मग आवळण्याचा सपाटा लावला. एका जागचा बाक गेला तो दुसऱ्या जागी निघाला. तेथे आवळावे तर तिसरीकडे. सायंकाळपर्यंत चाक असे झाले की, ते डावीउजवीकडे तर डुलत होतेच, पण वरखालीही उडू लागले. नाचता येईना अंगण वाकडे, या न्यायाने आम्ही काही वेळ रिमच्या बनावटीला दोष देऊन पाहिला. घरातील मंडळींनी हसू दाबले, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते चाक घेऊन आम्ही सायकलदुरुस्तीच्या एका दुकानी गेलो. मिस्त्रींचे वय साठीच्या घरात. दुकान म्हणजे एक टपरी, हवेचा पंप, पाण्याची घमेली आणि छताला टांगलेल्या जुन्या रिमा. त्यांनी चाक हाती घेतले, एकेक तार बोटाने छेडून पाहिली व क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “सर, आवळायला कुणीबी आवळतंय. ढिलं कुठं सोडावं ते कळावं लागतं.” एवढे बोलून त्यांनी प्रथम आम्ही आवळलेल्या सर्व तारा सैल केल्या. त्यानंतर वीस मिनिटांत चाक असे फिरू लागले की, चिमट्याशी धरलेला खडू त्याला कोठेही शिवेना. त्यांनी मजुरी सांगितली ती ऐकून आम्हांस लाज वाटली. कारण आदल्या दिवशी आम्ही पाच तास घालवून जे बिघडविले होते, ते नीट करण्याचा तो मोबदला होता. त्या दिवसापासून तीन सायंकाळी आम्ही त्यांच्या टपरीत बसून काम पाहिले, व त्यांनी परवानगी दिली तेव्हा केलेही. पुढील विवेचनात जे शहाणपण असेल ते त्यांचे आहे.

आता हे चाक आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. कारण वस्तू समजल्यावाचून ती कोणी दुरुस्त करावी हे ठरविता येत नाही. आपल्या बंडीचे लाकडी चाक सर्वांच्या पाहण्यातले आहे. त्याचे आरे जाड व भक्कम असतात, कारण बंडीचे ओझे तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर येते व आरा ते खांबासारखा तोलून धरतो. लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवितात व वर पाणी ओततात. धाव आकसते आणि सर्व आरे आत दाबले जाऊन घट्ट बसतात. म्हणजे बंडीच्या चाकाचे बळ दाबात आहे. सायकलीची तार मात्र गवताच्या काडीसारखी बारीक. दाबली तर तत्काळ वाकेल. तिचे बळ ओढीत आहे. रिमला चहूंकडून तारांनी हबाकडे ओढून धरलेले असते, निम्म्या तारा हबाच्या डाव्या कडेकडून व निम्म्या उजव्या कडेकडून. जुन्या धर्तीच्या काळ्या सायकलीस बहुधा पुढे ३२ व मागे ४० तारा असतात. दुसऱ्या पुष्कळ सायकलींस दोन्ही चाकांत ३६–३६. बसणाऱ्याचे वजन पडले म्हणजे जमिनीजवळच्या तारांचा ताण थोडा कमी होतो व तेथून पुढे जाताच तो पुन्हा भरून येतो. एका फेऱ्यात प्रत्येक तार अशी एकदा सैलावते व एकदा ताणते. तारा हबापासून सरळ न निघता तिरप्या, स्पर्शरेषेप्रमाणे निघाव्यात, ही युक्ती इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये पेटंट केली, आणि दीडशे वर्षांनंतरही आपल्या सायकलीचे चाक त्याच युक्तीवर चालते आहे.

यावरून आउट काढणे म्हणजे काय, हे कळेल. रिम एखाद्या जागी उजवीकडे झुकली असेल, तर त्या जागच्या डाव्या कडेच्या तारा किंचित आवळावयाच्या व उजव्या कडेच्या तेवढ्याच सैल करावयाच्या. रिम बाहेर फुगली असेल तर त्या जागच्या दोन्ही बाजूंच्या आवळावयाच्या. एका वेळी पाव फेरा, फार तर अर्धा. आणि दर वेळी चाक फिरवून पाहावयाचे. तार छेडली असता सैल तारेचा आवाज जड निघतो, ताणलेलीचा चढा. एकतारी लावणाऱ्याला हे सांगावयास नको. एकट्या तारेचे असे येथे काहीच नाही. एकीला हात लावला की शेजारणी हलतात. आमची रविवारची फजिती नेमकी येथे झाली होती. आम्ही बाक पाहत होतो, चाक पाहत नव्हतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वतः दुरुस्त करण्याच्या बाजूने जे मुद्दे नेहमी मांडले जातात, त्यांत पैशाची बचत हा पहिला. आमच्या मते तो सर्वांत दुबळा आहे. किल्ली, पान्हे, पंप, सोल्युशन यांवर प्रथम खर्च होतो. हात बसेपर्यंत काही नासाडी होते. आणि मिस्त्रीची मजुरी मुळातच थोडी. पाचदहा वेळा काम केल्यावाचून हा खर्च भरून निघत नाही. खरा मुद्दा वेळेचा व स्थळाचा आहे. चाक वाकते ते दुकानासमोर नव्हे, वाटेवर. आणि वाकते ते दुकान उघडे असताना नव्हे, तर सायंकाळी दिवेलागणीस. त्या वेळी जिच्या दप्तरात एक लहानशी किल्ली आहे व जिला ती कशी धरावी हे ठाऊक आहे, ती मुलगी घरी पोहोचते. दुसरी सायकल ढकलीत अंधारातून चालते. आमच्या विद्यार्थिनीच्या चाकात मोडलेले काही नव्हते. वस्तुतः तीन तारा सैल झाल्या होत्या, आणि ते दहा मिनिटांचे काम होते. त्या दहा मिनिटांचे ज्ञान घरात नव्हते म्हणून पंधरा दिवसांची शाळा बुडाली.

दुसरा मुद्दा, वस्तूची ओळख. ज्याने एकदा स्वतः ट्यूब काढली आहे, तो टायरात हवा कमी असताना सायकल हाकीत नाही. कारण कमी हवेने रिम दगडावर आपटते व ट्यूबला दोन छिद्रे पडतात, हे त्याच्या बोटांना माहीत असते. ज्याने तारा आवळल्या आहेत तो पाण्याचे दोन हंडे एकाच बाजूला लटकावून खाचखळग्यांतून जात नाही. म्हणजे दुरुस्ती शिकण्याचा मोठा लाभ असा की, दुरुस्तीची वेळ कमी येते.

आता दुसऱ्या पक्षाचे ऐकू. दुकानात देण्याच्या बाजूने बोलणाऱ्याला आळशी किंवा उधळ्या म्हणणे अन्यायाचे होईल. मिस्त्रींच्या वीस मिनिटांमागे चाळीस वर्षे होती, आणि तीच तर आपण विकत घेतो. सर्वांनी सर्व कामे स्वतःच करावयाची म्हटली तर कोणतेच काम कोणाला उत्तम येणार नाही. शिवाय चाक हे जिवाशी गाठ असलेले काम आहे. उतारावर चाक निसटले तर हात-पाय मोडतात. तेथे ‘करून पाहू’ हे धोरण चालत नाही. आणि तिसरे असे की, त्या टपरीवर एक कुटुंब जगते. आमच्या लहानपणी गावात सायकलीची जेवढी दुकाने होती, तेवढी आज दिसत नाहीत. दुचाकी मोटारगाड्या वाढल्या तसे कित्येक मिस्त्री तिकडे वळले. जे थोडे उरले आहेत, त्यांच्या हातची कामे आपणच काढून घेतली, तर ज्या दिवशी खरोखर कठीण काम निघेल त्या दिवशी जावयाचे कोणाकडे?

येथे जुन्या व्यवस्थेची आठवण होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेपद्धतीचे जे वर्णन आहे, त्यावरून असे दिसते की, शेतकऱ्याचा नांगर व गाडा दुरुस्त करणाऱ्या सुतार-लोहारास दर कामाची रोख मजुरी नव्हे, तर खळ्यावर वर्षाचा धान्याचा वाटा मिळे. त्या पद्धतीत जातीची बेडी होती, पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान होता, व ती मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी होती की, अवजार दुरुस्त करणारा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर काम करी व शेतकरी त्याच्याजवळ उकिडवा बसून भाता ओढी. काम कोणाचे व कसे चालते, हे दोघांनाही दिसत असे. आज आपण वस्तू दुकानात टाकतो, ‘कधी नेऊ?’ विचारतो आणि निघून जातो. आमच्या मते दोष पैसे देण्यात नाही. तो या पाठ फिरविण्यात आहे.

तेव्हा निवाडा काय? आम्ही असे म्हणतो की, काही कामे प्रत्येक सायकलवाल्याला आलीच पाहिजेत, काही कामे कारागिराचीच आहेत, आणि दोहोंमधील सीमा ओळखता येणे हीच शिकण्याची मुख्य गोष्ट आहे. हवा भरणे, पंक्चर काढणे, चेनीला तेल देणे, ब्रेकचे रबर बदलणे, चाक काढून पुन्हा सरळ बसविणे, सैल झालेली तार पाव-अर्ध्या फेऱ्याने आवळून चिमट्याला घासणारे चाक मोकळे करणे, ही कामे बारा वर्षांवरील मुलामुलींना एका महिन्यात येतात. पण रिमला चीर गेली असेल किंवा तिची कड दगडाने आत चेपली असेल, चाक आठच्या आकड्यासारखे वळले असेल, एकाहून अधिक तारा तुटल्या असतील, किंवा मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूची तार तुटल्यामुळे फ्रीव्हील उतरविण्याची वेळ आली असेल, तर मुकाट्याने दुकान गाठावे. नवे चाक विणणे ही तर स्वतंत्र विद्या आहे. घरी केलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर चाक हाताने फिरवून, ब्रेक दाबून, सपाट जागी हळू चालवून पाहिल्यावाचून रस्त्यावर जाऊ नये. आणि जेथे मनात शंका राहील तेथे ती मिस्त्रीला विचारावी. विचारण्याने कोणी लहान होत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस या प्रकरणात उमगली. जो स्वतः करून फसला आहे, त्यालाच कारागिराची योग्य किंमत करता येते. पूर्वी मिस्त्रीने मजुरी सांगितली की, दहा-वीस रुपये कमी करा म्हणण्याची आम्हांसही सवय होती. त्या सोमवारनंतर ती गेली. तसेच, ज्याला काम समजते त्याला कोणी फसवूही शकत नाही. तीन सैल तारांसाठी नवी रिम त्याच्या गळ्यात पडत नाही. म्हणजे शिकण्याने प्रामाणिक कारागिराचा फायदाच होतो, व अप्रामाणिकाचा तेवढा तोटा होतो. ‘आपला हात’ आणि ‘दाम’ यांत आम्ही उगाच भांडण लावले होते. हाताला काम कळले म्हणजे दामही योग्य जागी जातो.

पालकांस येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. कित्येक घरांत मुलाने पान्हा हाती घेतला की, ‘अभ्यास कर, तुला काय मिस्त्री व्हायचे आहे?’ असे त्यास ऐकविले जाते. आणि मुलीने घेतला तर त्याहून कठोर शब्द ऐकविले जातात. या बोलण्यात मिस्त्रीचा अपमान आहे आणि अभ्यासाचाही. अभ्यास म्हणजे हात स्वच्छ ठेवणे नव्हे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाचे काम केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा व त्यांच्या बंधूंचा उद्योग १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने सुरू झाला. त्याच उद्योगातून १९०३ मध्ये लोखंडी नांगर निघाला व १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेल्या टायराचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी त्याने ते स्वतःच्या हाताने बनविले होते. अमेरिकेतील डेटन गावी १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढणारे राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ रोजी विमानाने उडाले, आणि त्या विमानाचे पंखे फिरविण्यास त्यांनी सायकलीसारखीच चेन व दातेरी चक्रे वापरली होती. प्रत्येक सायकल दुरुस्त करणारा मुलगा विमान काढील, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. हाताला वंगण लागल्याने बुद्धीला डाग पडत नाही, एवढेच यावरून घ्यावे.

हा विचार आपल्या भागाला नवा आहे असेही नाही. शेजारच्या वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे, ही कल्पना मांडली व झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. ती योजना शाळाशाळांतून पुढे टिकली नाही. टकळी गेली आणि पुस्तक उरले. टकळी परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुलाच्या रोजच्या उपयोगाची एखादी वस्तू घेऊन तिच्यातून शास्त्र शिकवावे, हे त्या योजनेतील मर्म आजही जुने झालेले नाही. आणि आमच्या मुलांच्या रोजच्या उपयोगाची वस्तू सायकलच आहे.

आजच्या काळात या प्रश्नाला आणखी एक बाजू फुटली आहे. पुष्कळ नव्या वस्तू अशा बनतात की, त्या मालकाने उघडू नयेत आणि गावच्या कारागिरानेही उघडू नयेत. सुटे भाग मिळत नाहीत, माहिती मिळत नाही, व बिघडले की नवे घ्या, एवढाच मार्ग उरतो. म्हणून आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, आणि तिच्यापुढे प्रथम ठेवलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे हे एक होते. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीस उत्तेजन देणारा कायदा केला. हक्क कागदावर मिळेल तेव्हा मिळो. पण ज्याने आयुष्यात कधी पान्हा धरला नाही, तो त्या हक्काचे काय करणार? सायकल ही अजून सर्वांना उघडता येणारी वस्तू आहे. तिच्यात झाकलेले काही नाही. छत्तीस तारा उन्हात चमकत असतात, पाहील त्याला दिसतात. दुरुस्तीचा पहिला धडा गिरविण्यास तिच्याहून चांगली पाटी मिळणार नाही.

आमची सूचना लहान आहे. शाळेने प्रत्येक महिन्यात एका शनिवारी एक तास या कामासाठी द्यावा, आणि तो तास शिकविण्यास गावातील मिस्त्रींना सन्मानाने बोलवावे. त्यांना नुसता चहा देऊन आभार मानू नयेत. इतर पाहुण्या अध्यापकांप्रमाणे मानधन द्यावे, कारण ते शिकविण्याचे काम करणार आहेत. ज्या खेड्यांतून पाचसहा मुले-मुली सायकलीने येतात, त्या प्रत्येक खेड्यासाठी एक पंप, तीन पान्हे, तारांची एक किल्ली व पंक्चरचे सामान असलेली एक पिशवी असावी. ती सांभाळण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडे द्यावे, व मुलींची पाळी चुकवू नये. पालकांनी एवढेच करावे की, मुलगा किंवा मुलगी सायकल उलटी करून बसली असता अर्धा तास तिला हाक मारू नये.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. सायकल परत नेऊन दिली तेव्हा आम्ही किल्लीही दिली व मिस्त्रींकडून जे शिकलो होतो ते अंगणात बसून तिला दाखविले. तिने प्रथम विचारले ते असे: “सर, किती सैल करायचे?” म्हणजे जे समजण्यास आम्हांस एक रविवार व एक सोमवार लागला, ते तिने पहिल्या पाच मिनिटांत विचारले. दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून ती एकही दिवस गैरहजर नाही. जानेवारीत तिच्या मागच्या चाकाची तार तुटली, तेव्हा तिने टोचू नये म्हणून तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, सायकल हळू चालवीत शाळेत आणली व शाळा सुटल्यावर मिस्त्रींच्या टपरीत नेली. ते काम आपले नाही, हे तिला कळले होते. आणि मिस्त्रींनी सांगितले ते असे की, काम होईपर्यंत ती तेथून हलली नाही. त्यांच्याजवळ उकिडवी बसून पाहत होती.